शाळेत सुरक्षितता, मन आणि नाती शिकवताना : सीमाभागातल्या पालक-शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या शाळेला शिकवते. पालकसभेत, एसडीएमसीच्या (शाळेच्या विकास आणि देखरेख समितीच्या) बैठकीत, कधी बाजारात भाजी घेताना आया थांबवून जे विचारतात, ते इथं एकत्र केलंय. काही प्रश्न शिक्षकांचे आहेत, दोन-तीन मुलांनी चिठ्ठीवर लिहून दिलेले. प्रश्न ज्या शब्दांत आले तसेच ठेवलेत.

हे घरी शिकवू की आम्ही. शाळेला कशाला पाहिजे?

घरी शिकवत असाल तर फारच चांगलं. पण त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा घरातला, नात्यातला, शेजारचा किंवा ओळखीचाच असतो. अशा वेळी मुलाला घराबाहेरचं एक माणूस लागतं, आणि शाळेशिवाय असं दुसरं ठिकाण आमच्या खेड्यापाड्यात नाही. शिवाय हे शाळेनं हौसेनं काढलेलं काम नाही. केंद्राच्या शाळा आरोग्य कार्यक्रमात अकरा विषय ठरवून दिलेत. त्यात भावनिक आणि मानसिक आरोग्य आहे, परस्परसंबंध आहेत, हिंसेपासून सुरक्षितता आहे आणि इंटरनेटचा सुरक्षित वापरही आहे. दर शाळेतले दोन शिक्षक, शक्यतो एक बाई आणि एक सर, त्यासाठी तयार करायचे असतात. तुमच्या शाळेत ते दोघे कोण, हे मुख्याध्यापकांना विचारा. नावं कळली नाहीत तर पुढच्या बैठकीत पुन्हा विचारा.

असलं सांगितल्यानं पोरं बिघडणार नाहीत काय?

ही भीती जुनी आहे. २००७ साली कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडे किशोरवयीन शिक्षणाच्या साहित्यावरून गदारोळ झाला आणि ते शिकवणं थांबलं. त्यानंतर पोरांच्या हातात मोबाइल आला. आता आपण गप्प बसलो म्हणून त्यांना कळायचं थांबत नाही, फक्त चुकीच्या जागेवरून कळतं. युनेस्कोनं जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा असं शिक्षण मिळालेली मुलं लवकर लैंगिक संबंधांकडे वळतात असं दिसलं नाही. जी थोडी वळतात ती उशिरा आणि जास्त काळजीनं वळतात. माझ्या वर्गातला अनुभव तर इतकाच, की पहिल्या दिवशी पोरं तोंडावर हात ठेवून हसतात आणि तिसऱ्या दिवशी वही काढून बसतात.

नेमकं काय शिकवता?

वयाप्रमाणे. पहिली-दुसरीला शरीराच्या भागांची नावं, कुणी हात लावायचा, कुणी नाही, आणि आवडलं नाही तर कुणाला सांगायचं. या वयात तेवढं पुरे. पाचवी-सहावीला पाळी आणि शरीरातले बदल, मुलींना आणि मुलग्यांना एकत्र बसवूनसुद्धा. सातवी-आठवीला राग, भीती, मैत्री, चिडवणं आणि चेष्टा यांतला फरक, मोबाइल. नववी-दहावीला प्रेम, नकार, कायदा, परीक्षेचं दडपण, नशा. पाळीच्या तासाला सरकारच्या शुचि योजनेतले पॅड सगळ्यांसमोर टेबलावर ठेवते. वर्तमानपत्रात गुंडाळून, दप्तरात लपवून देण्याची पद्धत मी बंद केली.

अवयवांची नावं मराठीत घ्यायला लाज वाटते. इंग्रजीत सांगितलं तर चालतंय?

घरात घरचे शब्द चालतील, पण एकदा तरी खरं नाव मुलाच्या कानावर पडू दे : लिंग, योनी, स्तन, गुदद्वार. याचं कारण व्यवहाराचं आहे. आमच्याकडे पोरगी घरी मराठी बोलते, गल्लीत थोडं कन्नड, शाळेच्या पुस्तकात प्रमाण मराठी, मोबाइलवर हिंदी. इतक्या भाषा येऊनही तिला नको तिथं हात लागला, तर कुठं लागला हे सांगायला तिच्याकडे एकाही भाषेत नीट शब्द नसतो. मग ती म्हणते, “पोटात दुखालंय.” आपण ओवा देतो.

शिक्षकांना एक सांगते. पहिल्यांदा घरी आरशासमोर हे शब्द दहा वेळा म्हणा. मी म्हटले होते. वर्गात आवाज कापला की पोरांना लगेच कळतं की ही घाण गोष्ट आहे, आणि मग ती कधी बोलत नाहीत.

मुलानं काही सांगितलं तर पहिल्यांदा काय करायचं?

हातातलं काम खाली ठेवा. वही असो, भाकरीचं पीठ असो.

आमच्या शाळेत जांबोटीच्या बाजूनं बसनं येणारी एक मुलगी होती, सहावीतली. एकदा मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन म्हणाली, “बाई, मी बसला मागच्या सीटवर बसणार नाही.” मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हटलं, “जागा मिळेल तिथं बसावं गं बाळ.” ती गेली. दोन आठवड्यांनी ती शाळेलाच यायची बंद झाली, तेव्हा घरी गेले. तिच्या आईनं दारातच सांगितलं, रोज सकाळी ओकारी काढते. मग परसात तिच्या बाजूला दगडावर बसले, काही न विचारता शेंगा सोलत राहिले, आणि बऱ्याच वेळानं तिनं रोज त्याच बसला चढणाऱ्या एका माणसाबद्दल सांगितलं. ते दोन आठवडे माझ्यामुळं गेले, ही गोष्ट मी कधी विसरत नाही. मूल पहिल्यांदा पूर्ण सांगत नाही. एक तुकडा टाकून बघतं, समोरचं माणूस मान वर करतंय की नाही ते.

तेव्हा मान वर करा. “बरं झालं सांगितलंस”, “तुझी काही चूक नाही”, एवढं बोला. “आधी का नाही सांगितलंस?”, “तू तिथं कशाला गेलीस?”, “नक्की ना?” हे तीन प्रश्न गिळून टाका. खोदून खोदून विचारू नका, तपास करणं आपलं काम नाही. “कुणाला सांगणार नाही” अशी शपथ घेऊ नका, कारण सांगावं लागणारच. “तुला मदत करतील अशाच माणसांना सांगणार” असं म्हणा. नंतर तिनं वापरलेले शब्द, जसेच्या तसे, तिच्याच बोलीत, तारीख घालून लिहून ठेवा. “त्येनं घासलं” असं म्हणाली असेल तर ते शुद्ध करायला जाऊ नका.

मग १०९८ ला फोन करा. मुलांसाठीची ही हेल्पलाइन फुकट आणि चोवीस तास आहे. तातडी असेल तर ११२.

पोलीस स्टेशनला सगळं कन्नडमध्ये लिहितात. आमच्या पोराचं मराठी कोण ऐकणार?

सीमाभागातला सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे, आणि त्याचं उत्तर कायद्यातच लिहिलेलं आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं, की तक्रार मुलाला न समजणाऱ्या भाषेत नोंदवली जात असेल तर मुलाला दुभाषा द्यायचा. कलम २६ सांगतं, की मुलाचा जबाब त्यानं सांगितला तसा, आईवडिलांच्या किंवा त्याच्या विश्वासातल्या माणसाच्या समोर नोंदवायचा. २०२० च्या नियमांप्रमाणे जिल्हा बाल संरक्षण घटकानं दुभाष्यांची यादी ठेवायची असते. म्हणजे मराठीत बोलणं ही मेहेरबानी मागणं नाही, मुलाचा हक्क आहे. तिथं शांतपणे सांगा : “मुलगी मराठीत सांगेल, दुभाषा बोलवा, आणि लिहिलेलं तिला मराठीत वाचून दाखवा.” यात भाषेचं राजकारण आणायचं कारण नाही. कन्नड बोलणारं मूल पलीकडं कोल्हापूर जिल्ह्यात अडकलं तर त्यालाही हाच कायदा हाच हक्क देतो. मूल ज्या भाषेत रडतं त्याच भाषेत त्याला सांगता आलं पाहिजे.

आणखी काही गोष्टी लक्षात असू द्या. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं, आणि गणवेश न घालता. मुलाला रात्री पोलीस स्टेशनमध्ये ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करतील. चोवीस तासांत पोलिसांनी बाल कल्याण समितीला कळवायचं असतं, आणि समितीकडून मुलासोबत राहणारी मदतनीस व्यक्ती मागता येते. नाव कुठंही छापून येणार नाही. प्रकार महाराष्ट्रात चंदगडला घडला, गोव्यात घडला, तरी “तिकडं जावा” म्हणून परत पाठवता येत नाही. झिरो एफआयआर इथंच नोंदवून ती तिकडं पाठवायची असते.

गावातच समजुतीनं मिटवलं तर? मुलीचं नाव जाईल.

हे विचारणारी आई वाईट नसते, घाबरलेली असते. तिला मी रागावत नाही. पण मिटवता येत नाही. पॉक्सोखालचा प्रकार माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, आणि शाळेच्या किंवा संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचा प्रकार दाबला तर एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. आणि गावकीत बसून पैशावर मिटवलेली गोष्ट ती मुलगी जन्मभर वेगळ्या अर्थानं ऐकते : माझी किंमत इतकी ठरली.

आम्हाला मुलगाच आहे. त्याला काय होणार?

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली १३ राज्यांतल्या साडेबारा हजारांच्या आसपास मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि त्यांत निम्म्याहून जास्त मुलगे होते. पॉक्सो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. वसतिगृहात, तालमीत, क्लासला मुलगा गप्प झाला तर “पैलवान असून रडतोस काय” असं म्हणू नका.

पोर गप्प गप्प असतंय, जेवंना, शाळेला येऊ वाटंना म्हणतंय. बाहेरचं काही झालंय काय?

देवाला नारळ फोडायचा असेल तर फोडा, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण त्याच आठवड्यात डॉक्टरकडेही चला. दोन आठवडे किंवा जास्त झोप बिघडलेली, खाणं तुटलेलं, खेळ सुटलेला, अभ्यास एकदम घसरलेला, बारीकसारीक गोष्टीवर रडं किंवा राग असेल, तर ते नाटक नसतं आणि आळसही नसतो.

कुठं जायचं? पहिला फोन १४४१६, टेलि-मानस. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा फुकट आहे, रात्री दोनलाही फोन उचलतात, आणि मराठीत बोलता येतं. तिचं मुख्य केंद्र बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत आहे. बेळगावात बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तालुका रुग्णालयात मानसोपचाराचा वार कुठला, ते आशाताईंना विचारून घ्या. किशोरवयीन मुलांसाठी सरकारी दवाखान्यात स्नेहा क्लिनिक असतं. पुढं गरज लागली तर धारवाडचं डिमहान्स, म्हणजे तिथलं सरकारी मानसोपचार रुग्णालय. आपल्या राज्याला यात मागासलेलं समजू नका. बळ्ळारी जिल्ह्यात निम्हान्सनं १९८० च्या दशकात जे काम केलं, त्याच्याच नमुन्यावर १९९६ साली देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला.

जीव देण्याबद्दल विचारलं तर उलट डोक्यात भरणार नाही काय?

नाही भरत. विचारल्यानं विचार पेरला जात नाही, हे अभ्यासांतून स्पष्ट झालंय. उलट कुणीतरी सरळ विचारलं की मूल सुटकेचा श्वास टाकतं. “इतकं जड झालंय की जगूच नये असं वाटतंय काय?” असं साध्या शब्दांत, बाजूला बसून विचारा. “हो” म्हणालं तर भाषण देऊ नका, आईबापांची आठवण करून देऊन लाजवू नका. एकटं सोडू नका, त्या रात्री कुणीतरी जवळ झोपा, घरातली शेतीची औषधं आणि गोळ्या कुलपात ठेवा आणि १४४१६ ला फोन लावा. पोलिसांच्या भीतीनं दवाखान्यात न्यायचं टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला गुन्हेगार न मानता तीव्र तणावाखालचा माणूस मानलंय, आणि त्याची काळजी घेणं सरकारवर टाकलंय.

गावात एखाद्या मुलाचं असं झालं तर व्हॉट्सॲपवर फोटो आणि चिठ्ठ्या फिरवू नका. त्याच्या वर्गातली बाकीची पोरं ते बघत असतात.

दहावीनंतर माझी मुलगी पीयूसीला (अकरावी-बारावीला) गेली आणि एकदम बदलली. हुशार होती.

हुशार अजून आहे. दहा वर्षं मराठीत शिकलेली पोरगी जून महिन्यात सायन्सच्या वर्गात बसते आणि सगळं इंग्रजीत, सूचना कन्नडमध्ये. पहिले तीन-चार महिने तिला आपण मठ्ठ आहोत असं वाटत राहतं. आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी दिवाळीच्या सुट्टीत भेटली, तेव्हा म्हणाली, “बाई, उत्तर येतंय, पण हात वर करस्तोवर शब्द हरवतंय.” यासाठी मी आता दहावीच्या शेवटच्या महिन्यात विज्ञानाचे रोजचे शब्द तिन्ही भाषांत फळ्याच्या कोपऱ्यात लिहिते. पालकांनी एवढं करावं : पहिल्या चाचणीचे मार्क शेजाऱ्याच्या पोरीशी लावून बघू नका. आणि एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या परीक्षेला, आता वर्षात एकापेक्षा जास्त संधी आहेत, हे परीक्षेच्या आधीच घरात मोठ्यानं बोला. निकालाच्या दिवशी सांगितलेलं कानात शिरत नाही.

प्रेमाबिमाबद्दल शाळेत बोलायचं म्हणजे उत्तेजन नाही काय?

नववीतल्या मुलानं चिठ्ठीवर मला विचारलं होतं : “तिनं नाही म्हटलं, पण हसून म्हटलं. म्हणजे काय?” हा प्रश्न त्यानं मित्राला विचारला असता तर काय उत्तर मिळालं असतं, ते तुम्हालाही माहीत आहे. मी वर्गाला सांगितलं, मुली भीतीनंही हसतात, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणूनही हसतात. नाही म्हणजे नाही. मग मुलींनी एकेक करून सांगायला सुरुवात केली की आपण कधी कधी घाबरून हसलो. मुलगे ऐकत होते. त्या तासाला मला फार बोलावं लागलं नाही.

चांगलं नातं कसं ओळखायचं? मोबाइलचा पासवर्ड मागणारा, मैत्रिणी तोडायला लावणारा, “सोडून गेलीस तर जीव देईन” म्हणणारा, हे प्रेम नव्हे, हे बांधून ठेवणं आहे. मुलगी करत असेल तरी तेच.

कायदाही स्पष्ट सांगावा लागतो. अठरा वर्षांखालच्या मुलीची संमती कायदा मानत नाही. सतरा वर्षांची मुलगी एकोणीस वर्षांच्या मुलासोबत राजीखुशीनं गेली तरी मुलावर पॉक्सो लागतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठानं अशाच एका प्रकरणात दोन गोष्टी सांगितल्या : वयाच्या अटीचा विधी आयोगानं फेरविचार करावा, आणि नववीपासूनच्या मुलांना पॉक्सो कायद्याची माहिती शाळेत द्यावी. विधी आयोगानं २०२३ साली वय कमी करू नये असंच मत दिलं. म्हणजे अट तीच राहिली. मुलांना ती पोलीस दारात आल्यावर कळण्यापेक्षा वर्गात कळलेली बरी.

मुलीचं वाईट व्हायच्या आधी लग्न लावून टाकलं तर?

कर्नाटकात अठराच्या आतलं लग्न मुळातच रद्दबातल आहे, ते कायद्यानं झालंच नाही असं धरतात. पलीकडं महाराष्ट्रात नेऊन लावलं तरी बालविवाह बंदीचा कायदा तिथंही आहे. मंडप घालणारा, भटजी, आलेले नातेवाईक सगळे अडकतात. कुठं ठरल्याचं कळलं तर १०९८ किंवा ग्रामपंचायतीच्या पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) कळवा. मुलगी देवाला सोडणंही कायद्यानं गुन्हा आहे.

मुलीचा फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकलाय.

मुलीचा मोबाइल हिसकावून फोडू नका, पुरावा त्यातच असतो. स्क्रीनशॉट, नंबर, लिंक, वेळ जपून ठेवा, पण तो फोटो स्वतः कुणाला पुढं पाठवू नका, पुरावा म्हणूनही नाही. १९३० ही सायबर हेल्पलाइन मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे. मुलांच्या अश्लील फोटोंची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही करता येते. ‘टेक इट डाउन’ नावाची फुकट सेवा अठराखालच्या मुलांचे असे फोटो मोठ्या समाजमाध्यमांवरून काढायला मदत करते. पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका. दिल्यावर तो परत मागतो.

सर मारतात. शिस्तीसाठी थोडं चालतंय की?

चालत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलंय. “कन्नड येत नाही तर शाळेला कशाला आलास” असं सगळ्यांसमोर म्हणणं हाही मारच.

गुटख्याचं काय?

निपाणी भागात तंबाखू घरातच असतो, आई विड्या वळते, त्यामुळं मुलाला तो परका वाटत नाही. आईच्या कष्टाचा मान ठेवूनच हा विषय शिकवावा लागतो. शाळेजवळ, ठरावीक अंतराच्या आत, तंबाखूच्या विक्रीला बंदी आहे. पानटपरी त्या आत असेल तर एसडीएमसीनं ठराव करून पंचायतीला द्यावा.

पालक म्हणून शाळेला काय विचारू?

शिक्षक, शिपाई, व्हॅनचा ड्रायव्हर, स्वयंपाकी यांची पोलीस पडताळणी झालीय का? हे २०२० च्या पॉक्सो नियमांनी बंधनकारक आहे. मुलींच्या संडासाला आतून कडी आहे का? तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे? ज्याच्याबद्दल तक्रार असू शकते त्याच्याकडेच ती नसावी. आणि पंचायतीत होणाऱ्या मक्कळ ग्रामसभेला, म्हणजे मुलांच्या ग्रामसभेला, मुलांना पाठवता का? आमच्या मुलींनी तिथं उभं राहून मराठीत बसथांब्यावर दिवा मागितला. पीडीओंनी कन्नडमध्ये लिहून घेतलं. दिवा लागला, आता संध्याकाळच्या बसला मुली त्याच्याखाली उभ्या असतात.

माझी मुलगी काही बोलतच नाही. सुरुवात कशी करू?

समोर बसवून विचारू नका. हाताला काम देऊन बाजूला बसा : शेंगा सोलताना, केस विंचरताना, गाडीवर मागं बसवून नेताना. डोळ्याला डोळा नसला की मुलं बोलतात. “आज शाळेत काय झालं?” असं विचारलं की “काय नाही” येतं. “आज कुणाजवळ बसलीस? कुणाजवळ बसू वाटलं नाही?” असं विचारून बघा. दुसऱ्या प्रश्नानंतर ती गप्प झाली तर आपणही गप्प बसा, आणि शेंगा सोलत राहा.